त्यांचे ‘फाउंडेशन’, आमचा ‘कोटा’



चिचगडच्या आमच्या एका बहिणीने यंदा बारावी सायन्स केली. मार्क ६८ टक्के. वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात, शिवाय स्वतःची दीड एकर धानाची बांधी आहे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मोहफुले. मुलीने मोबाईलवर इंग्लंडच्या विद्यापीठाची जाहिरात पाहिली, नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवशी नागपूरहून एजंटाचा फोन आला. स्टेट बोर्डाच्या बारावीवर थेट प्रवेश कठीण आहे म्हणाला, पण काळजी करू नका, ‘पाथवे’ आहे. एक वर्षाचे फाउंडेशन, मग सरळ डिग्रीच्या पहिल्या वर्षाला. जागा अडवायला महिनाअखेरपर्यंत पैसे भरा. वडील आमच्याकडे आले ते हे विचारायला की बांधी गहाण टाकली तर बँक किती देईल.

आम्ही त्यांना थांबवले. थांबवताना लाज वाटली, कारण ‘टाकू नका’ याच्यापुढे सांगायला आमच्याकडे काही नव्हते. हा लेख त्या लाजेतून लिहितो आहोत.

आधी हा धंदा समजून घेऊ. इंग्लंडमध्ये शाळा तेरा वर्षांची आणि डिग्री तीन वर्षांची. आपली बारा वर्षांची शाळा त्यांना एका वर्षाने तोकडी वाटते. त्यातही अनेक विद्यापीठे सीबीएसईची बारावी चालवून घेतात आणि स्टेट बोर्डाकडे जास्त टक्के मागतात. जो यात बसत नाही त्याच्यासाठी हे पायाभरणीचे वर्ष. इंग्रजी, निबंध कसा लिहायचा, लायब्ररी कशी वापरायची, थोडे गणित, थोडा विषय. हे वर्ष बऱ्याच ठिकाणी विद्यापीठ स्वतः चालवत नाही. कॅप्लान, नॅव्हिटास, स्टडी ग्रुप, इंटो अशा खासगी कंपन्या विद्यापीठाशी करार करून चालवतात. एजंटाला प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन मिळते. शुल्क बहुधा वीस हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. राहणे-खाणे वेगळे. आणि पुढच्या प्रवेशाची ‘हमी’ ठरावीक गुण मिळाले तरच. नाही मिळाले तर वीस लाख गेले, वर्ष गेले, बांधीही गेली.

पण कमी मार्कांच्या मुलाला एक वर्ष तयारी देऊन विद्यापीठात घेणे यात आम्हाला काहीच वावगे वाटत नाही. उलट हीच तर आमची मागणी आहे. आमचा राग आहे तो हीच गोष्ट दोन नावांनी विकली जाते त्यावर.

आयआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी प्रिपरेटरी कोर्स आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? राखीव जागा रिकाम्या राहिल्या तर थोड्या गुणांनी मागे राहिलेल्या मुलांना एक वर्ष फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, इंग्रजी शिकवतात. ते वर्ष पास झाले की पुन्हा जेईई न देता पहिल्या वर्षाला बसवतात. आता सांगा, यात आणि लंडनच्या फाउंडेशनमध्ये फरक काय? रचना तीच, कालावधी तोच, हेतूही तोच. फरक एवढाच की पहिल्यात मुलगा जातीमुळे मागे राहिलेला असतो आणि दुसऱ्यात बापाकडे पैसा असतो. पहिल्या मुलाला हॉस्टेलात ‘प्रेपवाला’ म्हणून टोमणे ऐकावे लागतात. दुसऱ्याचा विमानतळावरचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पडतो आणि खाली तीसेक अभिनंदने येतात. पुण्या-मुंबईत जी मंडळी ‘मेरिट मेले’ म्हणून चहा गार करतात, त्यांच्याच घरातला साठ टक्केवाला पाथवेतून परदेशी जातो तेव्हा मेरिटचे सुतक कोणी पाळत नाही.

आणि ज्यांच्या देशात हा धंदा चालतो, त्यांनी आपल्या घरच्या गरिबांसाठी काय केले तेही पाहा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी फाउंडेशन वर्ष उभे केले. तो नमुना घेऊन ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलने २०१६ मध्ये असेच वर्ष सुरू केले. केंब्रिजने २०२२ मध्ये आणि पाठोपाठ २०२३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठानेही. वंचित परिस्थितीतून आलेल्या त्यांच्या मुलांना तिथे एक पैसा भरावा लागत नाही, राहण्याचा खर्चही मिळतो. दक्षिण आफ्रिकेत काळ्या विद्यार्थ्यांसाठी पदवीचा काळ एका वर्षाने वाढवून तयारी करून घेणारे अभ्यासक्रम विद्यापीठांतच आहेत. जर्मनीत परदेशी मुलांसाठी सरकारी श्टुडिएनकोलेग आहे, तिथे शिकवणीचे शुल्क नाही. (पण व्हिसासाठी सुमारे बारा हजार युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. चिचगडात ही रक्कम एकरकमी दाखवणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.) थोडक्यात, वर्षभराच्या तयारीचा खर्च समाजाने उचलायचा की बापाची जमीन विकून उचलायचा, हा राजकीय निर्णय आहे.

आपल्या सरकारने तो निर्णय कसा केला? महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ मुलांसाठी आहे आणि ती फक्त पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा, त्याही तशाच. त्यातही २०२२ मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाजाचा अभ्यास करायला या पैशावर परदेशी जाता येणार नाही असे ठरवले. म्हणजे जातीवर संशोधन करायचे तर इथेच करा, जात पाळणाऱ्या गाईडच्या हाताखाली. २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रे मिळाली, बाकीच्यांना ‘निधी असेल तर’ असे सांगितले गेले. पण आज आमचा मुद्दा याच्याही आधीच्या पायरीचा आहे. या दोन्ही योजनांत बारावी झालेल्या मुलीचे नावच नाही. शिडी आहे, पण ती माडीवरून सुरू होते.

कोणी म्हणेल, बाबासाहेबही बी.ए. करूनच कोलंबियाला गेले. खरे आहे, १९१२ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्क, साडेअकरा पौंड महिना. पण ते बी.ए. कशावर झाले? १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर घरात पैसा नव्हता. केळुस्कर गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांपुढे नेले आणि महिना पंचवीस रुपये सुरू झाले. ती पंचवीस रुपयांची पायरी नसती तर साडेअकरा पौंडांची पायरी आलीच नसती. आपण जयंतीला कोलंबियाचा फोटो लावतो, पंचवीस रुपयांचा हिशोब विसरतो. आणि बाबासाहेब विसरले नव्हते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी देशातल्याही आणि परदेशातल्याही शिष्यवृत्त्या एकत्र मागितल्या. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना जमावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. वरच्या आणि खालच्या दोन्ही पायऱ्या त्यांनी एकाच वेळी बांधल्या.

आपल्याही चळवळीचे इथे चुकते. परदेशी निवड झालेल्याचा सत्कार आपण करतो, शाल-श्रीफळ देतो. तो मुलगा नागपूरच्या कॉलेजातला की देवरी तालुक्यातला, हे विचारत नाही. देवरी तालुका आदिवासीबहुल, आमच्या मुलींच्या बाकावर गोंड, हलबा मुलीही बसतात. घरी झाडी बोली, शाळेत प्रमाण मराठी, आणि बारावीनंतर एकदम इंग्रजी. एवढ्या तीन भाषा ओलांडणाऱ्या मुलीला सरकार एक वर्षाचा पूल देत नाही आणि नागपूरचा एजंट मात्र वीस लाखांत द्यायला तयार आहे.

म्हणून आम्ही मागतो ते सोपे आहे. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, तसेच बारावीनंतरचे एक निवासी तयारी वर्ष तिने नागपूर विभागात सुरू करावे. इंग्रजी, लेखन, गणित, आयईएलटीएसचे शुल्क, अर्ज भरण्याची मदत, सगळे मोफत. त्या वर्षातून देशातल्या चांगल्या विद्यापीठात जाता यावे आणि परदेशीही. शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीत पदवीच्या काही जागा वेगळ्या ठेवाव्यात आणि त्या खऱ्या सरकारी विद्यापीठांसाठीच, कंपनीच्या पाथवेसाठी नाही. आदिवासी विकास विभागानेही देवरीच्या प्रकल्प कार्यालयातून हेच करावे.

तोपर्यंत तरुण मित्रांना एक विनंती. एजंट पैसे मागतो तेव्हा तीन गोष्टी लेखी मागा: फाउंडेशन कोण चालवते, डिग्रीला जायला किती गुण लागतात, आणि नापास झाल्यास किती रक्कम परत मिळते. ‘हमी’ हा शब्द कागदावर लिहून द्या म्हणा आणि मग फोन किती वेळ चालू राहतो ते पाहा. आमच्या समोर तो दोन मिनिटे चालला.

त्या बहिणीने सध्या गोंदियाला बीएस्सीला नाव घातले आहे. बांधी गहाण पडलेली नाही, यंदाची रोवणी त्याच बांधीत झाली. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तिनेच लिहून दिला आहे. चिचगड आणि देवरीच्या सह्या झाल्या, आमगाव आणि सालेकशाच्या बाकी आहेत. ज्यांना सोबत यायचे त्यांनी या रविवारी चिचगडच्या विहारात सकाळी दहाला यावे, येताना बारावी झालेल्या पोरींनाही घेऊन यावे.