मराठीचा अर्थ यंत्राला कोण शिकवणार?

मराठी विषय घेऊन बी. ए. होऊ घातलेली एक विद्यार्थिनी मध्यंतरी वडिलांना सोबत घेऊन भेटावयास आली. संगणकीय भाषाविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची तिची इच्छा होती. वडिलांचा प्रश्न एकच होता : "सर, यातून नोकरी लागेल का?" अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने या प्रश्नाला नाक मुरडण्याचे कारण नाही. शेतीच्या उत्पन्नावर मुलीला परगावी शिकवू पाहणाऱ्या पित्याने तो विचारलाच पाहिजे. मात्र त्यातील 'लागेल' या एका क्रियापदातच तिच्या अभ्यासविषयाचे मर्म आहे, हे त्या गृहस्थांच्या ध्यानी आले नव्हते.

नोकरी लागते, विहिरीला पाणी लागते, पायाला ठेच लागते, गंजीला आग लागते आणि परीक्षेचा निकालही लागतो. मराठी माणूस यात कोठे अडखळत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा अर्थ ओळखावा लागतो. राहुरी तालुक्यातून वाहणारी मुळा आणि बाजारात विकला जाणारा मुळा यांतील भेद आपण क्रियापदाच्या लिंगावरून व संदर्भावरून सहज जाणतो. हे जाणणे म्हणजे नेमके काय, त्याचे नियम कोणते आणि ते यंत्राला कसे सांगावेत, याचा शोध घेणे हे संगणकीय भाषाविज्ञानाचे आणि त्यातील अर्थविचाराचे कार्य आहे.

आजची यंत्रे प्रचंड लेखनसाठा वाचून भाषा आपोआप शिकतात, मग भाषेच्या अभ्यासकाची गरज काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो वरवर पटण्याजोगा असला तरी टिकणारा नाही. एक तर इंग्रजीच्या तुलनेने संगणकावर उपलब्ध असलेला मराठी मजकूर फारच थोडा आहे. दुसरे असे की, यंत्राने लावलेला अर्थ बरोबर की चूक, हे तपासणारे वाक्यसंग्रह भाषेची जाण असलेल्या माणसांनीच सिद्ध करावे लागतात. पीककर्जाचा नियम किंवा औषधाची सूचना यंत्राने चुकीच्या मराठीत सांगितली, तर तिचा फटका इंग्रजी न जाणणाऱ्यालाच बसणार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती. तेव्हा हा प्रश्न मूठभर पंडितांचा नाही.

या कार्याला महाराष्ट्रात परंपरा नाही असेही नाही. डॉ. अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९५८ मध्ये प्रबंध सादर केला आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केले. तेथे भाषाविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण आजही मिळते. मुंबईच्या आयआयटीत समानार्थी शब्दांचे गट व त्यांचे परस्परसंबंध नोंदविणारे मराठी शब्दजाल तयार झाले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिपी संगणकावर आणण्यात मोठा वाटा उचलला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत संगणकीय भाषाविज्ञानाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. भाषाविज्ञान घेऊन नेट परीक्षा देता येते आणि त्यातून संशोधनासाठी शिष्यवृत्तीही मिळू शकते. म्हणजे वाट आहे. आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला ती दाखविणारे कोणी नाही, हे खरे दुखणे आहे.

या दुखण्याचे मूळ दहावीच्या निकालानंतर आपण घालत असलेल्या कुंपणात आहे. मराठीची गोडी असणारा कला शाखेकडे जातो आणि गणिताला कायमचा मुकतो. गणितात गती असणारा विज्ञानाकडे जातो आणि व्याकरण विसरतो. या विषयाला मात्र दोन्ही लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती कमी करण्याचा मार्ग खुला केला आहे. तरीही मराठीच्या विद्यार्थ्यास संख्याशास्त्र वा संगणकाची आज्ञावली शिकू देणारी महाविद्यालये किती निघतील?

खाजगी भांडवल हे काम आपण होऊन पुरेसे करील, या भ्रमात राहू नये. अर्थनिर्देशासह नोंदलेला शब्दसंग्रह ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी उणी होत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर खर्च करण्यास व्यापारी कचरतो. रस्ते व कालवे यांच्याप्रमाणेच येथे शासनाने पुढाकार घ्यावयास हवा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या गौरवाचा काही अंश ग्रामीण विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत उतरला, तर तो सत्कारसमारंभांहून अधिक टिकाऊ ठरेल. महाविद्यालयांनाही मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठी, गणित आणि संगणक या विभागांतील तीन प्राध्यापकांनी आठवड्यातून दोन तास एकत्र बसून शिकविले, तरी आरंभ होऊ शकेल.

याच जिल्ह्यात नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. संस्कृतातील अर्थ सामान्यांच्या बोलीत आणण्याचे ते कार्य होते. आजच्या कार्याची त्याच्याशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ज्ञान लोकांच्या भाषेत पोहोचले पाहिजे, ही निकड तीच आहे. अकोल्याच्या डोंगरातले वा पाथर्डीच्या माळावरचे शब्द ज्या मुलांच्या कानात आहेत, त्यांच्याजवळ या कार्याचे भांडवल आहे. महानगरातील तरबेज आज्ञावलीकाराला ते सहजी मिळणारे नाही.

त्या वडिलांना मी नोकरीची हमी दिली नाही. ती कोणत्याच पदवीची देता येत नाही. या विषयात अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत, आणि संगणकाची आज्ञावली शिकल्याखेरीज उद्योगात प्रवेश कठीण आहे, हेही सांगितले. मुलीने सुट्टीत संख्याशास्त्राचा अभ्यास सुरू केल्याचे नंतर कळले. तिने आपले कुंपण ओलांडले. आता आपल्या महाविद्यालयांनी आणि शासनाने आपापले ओलांडावे.