मुलीला मिश्र शाळेतच घाला

मुलगी पाचवीत जाणार म्हटलं की घरात चर्चा सुरू होते. ‘मुलींच्या शाळेत घाला, जिवाला घोर नाही,’ यावर ती बहुतेकदा संपते. मला हा निकाल मान्य नाही.

कन्याशाळांचं ऋण मोठं आहे. १८८४ साली रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने हायस्कुलात जाणं हाच वादाचा विषय होता. तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांनी ‘मराठा’तून कडाडून टीका केली. वेगळी शाळा नसती तर कितीतरी मुली घराबाहेरच पडल्या नसत्या. पण त्याच पुण्यात आगरकर मुलामुलींना एकच शिक्षण, आणि तेही एकत्र द्या, असं सांगत होते. त्यांचं म्हणणं आपण अजून पुरतं ऐकलेलं नाही.

मुलगे वर्गात असले की मुलींचं अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणे! २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यात ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. दरवर्षी हेच घडतं, आणि यातल्या बहुतेक मुली मिश्र शाळांतल्याच असतात. गावात दुसरी शाळा असतेच कुठे?

राहिला जिवाचा घोर. मी स्वतः कन्याशाळेत शिकले. अकरावीला प्रयोगाच्या टेबलावर जोडीला मुलगा आला आणि माझी वाचाच बसली. वर्षभर प्रयोग त्याने केले, मी वही लिहिली. जपून वाढवलेल्या मुलीला सोळाव्या वर्षी एकदम गर्दीत सोडणं, याला मी सुरक्षितता म्हणत नाही. शिवाय गणितात मुलगी आपल्या पुढे जाते, हे मुलग्यांनीही लहानपणीच पाहायला हवं. पुढे त्यांनाच तिच्या हाताखाली काम करायचं असतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे. कन्याशाळेत वर्गप्रमुखापासून लेझीम पथकाच्या म्होरक्यापर्यंत सगळ्या मुलीच असतात. मिश्र शाळेत माइक मुलाच्या हाती जातो. रांगोळी आणि पाहुण्यांचं औक्षण मुलींकडे येतं. हे मी अनेक स्नेहसंमेलनांत पाहिलंय आणि दरवेळी चिडलेय. पण हा दोष मुलामुलींनी एकत्र शिकण्याचा नाही, मोठ्यांच्या सवयीचा आहे. पालकसभेत तोंड उघडलं तर ती मोडता येते.

म्हणून अर्ज भरण्याआधी मधल्या सुट्टीत शाळेत जा. मैदानावर मुली खेळताहेत का, त्यांच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, दाराला कडी आहे का, ते पाहा. आणि प्रयोगाच्या तासाला परीक्षानळी कुणाच्या हातात असते, हे शिक्षकांना विचारा.