नव्या यंत्रांत जुनें दप्तर

नेकनुरास आमच्या घरीं गेल्या महिन्यांत नवा संगणक आला. पुतण्यानें सुटे भाग आणून तो स्वतः जोडला. जुन्या संगणकांत खताबियाण्यांचे हिशोब, कर्जाचे अर्ज आणि भाऊबंदांच्या वाटपाचे कागद होते. त्यांची नक्कल नव्या यंत्रांत उतरली, फायली उघडल्या, आणि पाहतों तों मराठी अक्षरांच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग! यूनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसविलेलें असे. फॉन्ट नसला कीं अक्षर नाहींसें होई. सुदैवानें जुना संगणक अद्याप भंगारांत गेला नव्हता. त्यांतून तो फॉन्ट आणिला, तेव्हां मजकूर वाचतां आला; मग तो यूनिकोडांत उतरविला.

महसुली कारकुनींत जन्म गेलेल्या आम्हांस हा प्रकार नवा नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील निजामकालीन दप्तरांतही उर्दू व मोडी लिपी आढळते. कागद शाबूत, पण वाचणारा विरळा. २०२३ सालीं मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां या लिप्या जाणणारांस हुडकावें लागलें.

यावरून आमचें मत असें कीं, नक्कल झाली म्हणजे काम झालें, हा समज घातक आहे. नकलेची मुळाशीं रुजुवात झाली पाहिजे. सात-बाराचेंच पाहा. २ एकर २० गुंठे म्हणजे सुमारें १ हेक्टर १ आर. तेच आंकडे रकाना न पाहतां २ हेक्टर २० आर असे उतरले, तर कागदावर जमीन दुपटीहून अधिक होते, आणि गटाची बेरीज जुळेना म्हणून साऱ्या भावांचीं कामें अडतात.

कोणी म्हणेल, हें काम सरकारचें. आपणांस काय त्याचें? परंतु जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ अन्वयें हक्कनोंदींतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानिली जाते. कलम १५५ अन्वयें लेखनदोष दुरुस्त होतो खरा; पण पुरावा कोणता? तोच जुना हस्तलिखित उतारा! तो ज्यानें रद्दींत घातला त्यानें आपला साक्षीदारच घालविला.

पेरणीपूर्वीं आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण पाहतों. नेहमींच्या हिशोबास तीच रीत पुरे. मोजक्या फायली उघडून पाहाव्या. जमिनीचा कागद मात्र एकूणएक ताडावा. फायलींची संख्या दोन्हीं यंत्रांत मोजावी. जुनी डिस्क निदान एक वर्ष पुसूं नये. दुसरी नक्कल दुसऱ्या घरीं ठेवावी, म्हणजे एका छपराखालीं सर्वस्व राहणार नाहीं. वाटपपत्राची छापील प्रत पेटींत असावी.

येत्या मृगापूर्वीं प्रत्येक खातेदारानें आपला जुना उतारा आणि नवा सात-बारा शेजारीं ठेवून एकदां वाचावा, एवढीच आमची विनंती. त्यास एक संध्याकाळ पुरते. चूक राहिली तर कचेरीच्या खेपांत वर्षें जातात.