घरच्या शाळेत आपाची हजेरी कोण घेणार?

महिन्याची २० तारीख आमच्या घरात लहानांनाही पाठ आहे. पुण्यातल्या एका कर सल्लागाराचे काम मी सोलापुरातून, घरी बसून करते. ११ तारखेपर्यंत व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-१ भरायचे आणि २० पर्यंत ३बी. त्या दिवसांत पोर्टल रखडते, व्यापारी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो पाठवतात आणि अम्मीशी कोणी बोलायचे नसते.

दीड वर्षापूर्वी सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही भर डिसेंबरात इकडे आलो. मुलांच्या शाळा अर्ध्यावर सुटल्या. जूनपर्यंत घरीच शिकवू असे ठरले. तो जून आला आणि गेलाही. खोटे कशाला बोलू, मला ते आवडू लागले होते. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात, ती उतरवून घेतली. मुलगा भाजीच्या पिशवीवर वजनमापे शिकला, मुलगी माझ्या बिलांवर शेकडेवारी. साडेसातशेवर १८ टक्के किती, हे ती माझ्याआधी सांगायची.

मग एप्रिलमध्ये मी तिची गणिताची वही चाळली. शेवटची तारीख सहा आठवड्यांपूर्वीची होती. मागच्या पानावर तिच्याच अक्षरात यादी होती: दादीची गोळी १ वाजता, कुकर, भावाचे पाढे, अम्मीची मीटिंग – आवाज नको.

मुलगी अकरा वर्षांची आहे. मी तिला शिकवत नव्हते, तिच्या जिवावर नोकरी करत होते. तिने एकदाही तक्रार केली नाही, म्हणून मला ते दिसलेही नाही. आपल्या घरांत शहाणी मुलगी म्हणतात ती हीच.

मोहल्ल्यात तर माझे कौतुकच होत होते. ‘मुलगी घरात आहे ते बरे, जमाना खराब आहे.’ मुलाबद्दल मात्र तेच लोक विचारायचे, ‘याला शाळेत कधी घालणार?’ मुलीला घरी शिकवणे आणि मुलीला घरी बसवणे यांतला फरक बाहेरून दिसत नाही. तो तिच्या वहीत दिसतो. तुमच्यातल्या अनेकांची लग्ने नुकतीच झाली असतील, लॅपटॉपवरची नोकरी असेल, उद्या मुलांना घरीच शिकवण्याचा विचारही येईल. जरूर करा. पण आधी घरातले काम कोणाच्या वाट्याला जाणार आहे ते मोजा.

कागदाचेही सांगते, कारण मला तेच सर्वांत जास्त विचारले जाते. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. घरी शिकवण्याबद्दल तो वेगळे काही सांगत नाही. मूल परत शाळेत जायचे म्हणाले तर वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्यात आहे. घरीच पुढे जायचे असेल तर दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून करता येते. त्यासाठी किमान वय १४ लागते.

आमच्या घरी सर्वांत अवघड गोष्ट कायद्याची नव्हती. ‘तू तर घरीच असतेस’ हे वाक्य काढून टाकणे अवघड होते. नवऱ्याचे सुट्या भागांचे दुकान अकराला उघडते, म्हणजे सकाळ त्यांची मोकळी. पण हे मला दीड वर्ष सुचले नाही आणि त्यांनाही नाही. आता फज्रनंतर साडेसातपर्यंत मी काम करते. साडेआठ ते दहा मुलाचे गणित त्यांच्याकडे. त्यांना ओरडल्याशिवाय शिकवता येत नव्हते. हळूहळू जमते आहे. १८ ते २० मी अभ्यास घेतच नाही. त्या तीन दिवसांत अभ्यास होतो असे मी पूर्वी म्हणायचे, ती स्वतःचीच फसवणूक होती.

मुलीला विचारले तेव्हा तिने शाळा मागितली. मला थोडे लागले, नाही कशाला म्हणू. जूनपासून ती सहावीत जाते. मुलगा अजून घरी शिकतो आहे. पुढच्या वर्षी त्यालाही विचारू.

यंदाच्या २० जुलैला दुपारी एक वाजता गजर झाला, तो नवऱ्याच्या मोबाइलवर. ते जेवायला आले होते. गोळ्यांची डबी कुठे असते, हे त्यांना त्यांच्या आईलाच विचारावे लागले.