यंत्राचा ठेका आणि भागाकार

वर्गात मोबाइल आला की आम्ही शिक्षक नाक मुरडतो. आमचे वडील होळकर दरबारचे गवई. त्यांच्या लेखी तर पेटीसुद्धा उपरीच! पण परितेवाडीकडे डोळेझाक कशी करावी? सोलापूर जिल्ह्यातल्या या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांची घरची बोली कानडी. रणजितसिंह डिसले गुरुजींनी धडे त्या भाषेत आणले. पुस्तकात क्यूआर कोड घालून कविता, चित्रफिती, स्वाध्याय जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

यातले मर्म यंत्रात नाही. मुलाची अडचण आधी ओळखण्यात आहे. पोलोग्राउंडवरील एका कारखान्यातल्या यंत्राचा ठेका माझ्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर टिपला, ठोके मोजले. मिनिटाला ९६! तीनतालाच्या १६ मात्रांनी भागले. आवर्तने भरली ६. भागाकाराला कंटाळणारी पोरे त्या दिवशी जागची उठेनात.

ध्वनिफीत एकच सूर शंभरदा ऐकवील. पोराचा सूर ढळला की थांबवायला मात्र गुरुजीच हवेत. पडदा लावून देऊन गुरुजींनी बाहेर जावे, हा प्रयोग नव्हे, पळवाट आहे. यंत्र मुलांच्या हाती खुशाल द्यावे. गुरुजींच्या खुर्चीवर बसवू नये.