चव्वेचाळिसाव्या वर्षी

माणसाने मत बदलायला योग्य वय कोणते? विशीत बदलले तर लोक म्हणतात, 'पोर अजून शिकते आहे.' सत्तरीत बदलले तर म्हणतात, 'म्हातारपण आले, चालायचेच.' चाळिशीतल्या माणसाला मात्र यांपैकी एकही सवलत नाही. त्याची नोकरी, मित्रमंडळी, चारचौघांतले नाव, सारे त्याच्या जुन्या मतांच्या पायावर उभे असते. माझेच पाहा ना! एका कवीची थोरवी मी पंधरा वर्षांपूर्वीच्या टिपणांवरून अजून वर्गात सांगत असतो. ती मला आता तितकीशी पटत नाही. पण टिपणे पिवळी पडली तरी टाकवत नाहीत.

म्हणूनच जॉन हेन्री न्यूमनची आठवण झाली की मी थोडा ओशाळतो.

न्यूमनचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. पण 'लीड, काइंडली लाइट' हे प्रार्थनागीत अनेकांनी ऐकलेले असते. ते गांधीजींच्या फार आवडीचे. 1833 साली भूमध्य समुद्रात वाऱ्याअभावी अडकून पडलेल्या एका जहाजावर बत्तीस वर्षांच्या न्यूमनने ते लिहिले. तेव्हा तो अँग्लिकन पंथाचा, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा धर्मोपदेशक होता. ऑक्सफर्डमधल्या सेंट मेरी चर्चमधली त्याची प्रवचने ऐकायला विद्यार्थी गर्दी करीत. केबल आणि प्यूसी या मित्रांसह त्याने आपल्या पंथाला प्राचीन चर्चच्या परंपरेशी पुन्हा जोडण्याची चळवळ चालवली. रोमच्या पोपवर तर तो कडक टीका करी.

1839 च्या उन्हाळ्यात तो पाचव्या शतकातल्या धर्मवादांचा इतिहास वाचीत होता. वाचता वाचता त्या वादात पाखंडी ठरलेल्यांच्या जागी त्याला आपलाच पंथ दिसू लागला! ज्या पुस्तकांच्या आधारे रोमला उत्तर द्यायचे, तीच पुस्तके रोमकडे बोट दाखवू लागली.

आता खरी गोष्ट सुरू होते. शंका आली म्हणून तो दुसऱ्या दिवशी उठून गेला नाही, आणि शंका दडपून प्रवचनेही देत बसला नाही. 1841 साली त्याने एक पुस्तिका लिहिली. अँग्लिकन पंथाच्या 39 कलमांचा अर्थ कॅथलिक शिकवणुकीशी जुळेल असाही लावता येतो, असे तिचे म्हणणे. गदारोळ उठला. ऑक्सफर्डच्या बिशपने ती पुस्तिकामालाच थांबवायला लावली. पुढच्या वर्षी तो जवळच्या लिटलमोर खेड्यात राहायला गेला. तिथे घोड्यांच्या जुन्या तबेल्यांच्या खोल्या करून घेतल्या होत्या. 1843 साली रोमविरुद्ध लिहिलेली कठोर वाक्ये त्याने जाहीरपणे मागे घेतली आणि सेंट मेरीचे पद सोडले. पुढे कुठे जायचे हे अजून ठरलेले नव्हते. पण जे मनापासून सांगता येत नाही ते सांगण्याबद्दल पगार घ्यायचा नाही, एवढे ठरले होते. मित्रांच्या वियोगावर त्याने अखेरचे प्रवचन दिले, तेव्हा ऐकणाऱ्यांना अश्रू आवरले नाहीत.

आणखी दोन वर्षे गेली. 8 ऑक्टोबर 1845 च्या रात्री डॉमिनिक बार्बेरी नावाचा इटालियन धर्मगुरू पावसात चिंब भिजून लिटलमोरला पोचला. तो शेतकऱ्याच्या घरातला, इंग्रजीही मोडकेतोडके बोलणारा. शेकोटीपाशी तो कपडे वाळवीत असताना ऑक्सफर्डचा हा नामांकित पंडित त्याच्या पायांशी गुडघे टेकून बसला. दुसऱ्या दिवशी न्यूमन कॅथलिक झाला. वय वर्षे चव्वेचाळीस!

ऑक्सफर्ड तर सुटलेच. तिथे 39 कलमांना मान्यता दिल्याशिवाय साधा प्रवेशही मिळत नसे. एका सख्ख्या बहिणीने संबंध तोडले. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी वाचकाला धर्मांतराने घर कसे दुभंगते हे मी वेगळे सांगायला नको. वीस वर्षांचे धर्मोपदेशकपणही नव्या घरी चालेना. रोमला जाऊन तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि 1847 साली, शेचाळिसाव्या वर्षी, त्याने धर्मगुरूची दीक्षा नव्याने घेतली.

जुने लोक त्याला फितूर म्हणत, नव्यांनाही त्याचा पुरता भरवसा नव्हता. 1864 साली चार्ल्स किंग्जली या लेखकाने त्याच्या खरेपणावरच शिंतोडे उडवले, तेव्हा न्यूमनने आपल्या मतांचा सारा प्रवास आठवड्या-आठवड्याने छापून लोकांपुढे मांडला. तेच त्याचे 'अपोलोजिया' हे आत्मनिवेदन. ते वाचून इंग्लंडचे मन पालटले. 1879 साली तो कार्डिनल झाला आणि 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत म्हणून घोषित केले.

पण मला संतपदापेक्षा 1865 सालचा एक प्रसंग जवळचा वाटतो. वीस वर्षांच्या ताटातुटीनंतर न्यूमन केबलच्या घरी गेला. दारात केबलच उभा होता. दोघांनीही एकमेकांना ओळखले नाही! योगायोगाने प्यूसीही आलेला होता. तिघे म्हातारे मित्र एका टेबलाशी जेवले. कुणीही आपले मत बदलले नव्हते. पुढच्याच वर्षी केबल वारला.

खरे बोलून दुरावलेली माणसे कधीतरी पुन्हा एका पंगतीला बसू शकतात. खोटे बोलून जवळ ठेवलेल्यांचे तसे होईल का, याची मला शंका आहे.

दिवाळीची सुट्टी लागली आहे. ती पिवळी टिपणे काढून ठेवली आहेत. निदान एक पान तरी पुन्हा लिहावे म्हणतो.