घरातलं कॉलेज

पनवेलकडच्या एका गावी भाताची लावणी पाहायला गेलो होतो. घरधनी कुरकुरले, "साहेब, पोरीला कॉलेजात घातली, पण ती मोबाईलच धरून बसते!" पोर तर अभ्यास करीत होती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशा घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच आहे. मान्यताप्राप्त संस्थेची ही पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. बियाण्याच्या पिशवीची खूणचिठ्ठी पाहता ना? तशी प्रवेशाआधी आयोगाची मान्यता पाहा.

पोरीला विचारले, "काय हवं तुला?"

"संध्याकाळी तासभर कुणी हाक मारू नये, एवढंच."

लावणीच्या दिवसांत हे जड जाते, ठाऊक आहे मला. पण निघताना चहाची हाक धाकट्या मुलाला गेली.